माणूस नेमका कुठे पाठवायचा? जिल्हाभर पसरलेलं नेटवर्क ग्राफवरून वाचायला शिकणाऱ्यांसाठी

गुहागरच्या एखाद्या कार्यालयातून फोन येतो, "नेट बंद आहे." रत्नागिरीहून तिथे माणूस पाठवायचा तर जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो, पावसात त्याहून जास्त. गेलेला माणूस फायबर जोडणारा असला आणि गावात नुसती वीज गेलेली असली, तर त्याचा दिवस फुकट गेला. शिवाय खरोखर तुटलेली केबल दुसऱ्याच तालुक्यात तशीच पडून राहते. कोकणात नेटवर्कवर नजर ठेवण्याचं काम शेवटी एकाच प्रश्नावर येतं: कोणाला पाठवायचं आणि कुठे? पडद्यावरचा ग्राफ या प्रश्नाच्या उत्तराकडे नेत असेल तर तो ठेवा, नसेल तर काढून टाका. गेली काही वर्षं हे काम करताना मी हीच कसोटी लावत आलो आहे आणि नव्याने येणाऱ्यांनाही आधी हेच सांगतो.

बँकेच्या शाखा, ग्रामपंचायती, शाळा-कॉलेजं, केबलवाल्यांचं ब्रॉडबँड असं हजार-दोन हजार उपकरणांचं जाळं सांभाळायला जे नुकतेच बसले आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. राउटर, स्विच, आयपी पत्ता, पिंग हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरलं आहे.

पहिली पायरी: पडद्याआधी वही

नवीन माणूस पहिल्याच दिवशी ग्राफ काढायला बसतो. आठवडाभर थांबा. आधी यादी करा. प्रत्येक उपकरणासमोर गाव, इमारत, मजला, कपाटाची चावी कोणाकडे, वीज कुठून येते, इन्व्हर्टर आहे का, बॅटरी कधी बसवली हे लिहा. प्रत्येक लिंकसमोर ती केबल प्रत्यक्षात कुठून जाते ते लिहा: महामार्गाच्या कडेने, रेल्वेमार्गाच्या बाजूने, की विजेच्या खांबांवरून. आपल्याकडे जांभ्यात चर खणणं महाग पडतं, म्हणून गावागावांत केबल खांबांवरूनच फिरते. खांबावरच्या केबलचे शत्रू वेगळे (झावळ्या, वादळ, उंच भरलेला ट्रक) आणि रस्त्याकडेच्या पुरलेल्या केबलचे वेगळे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झाल्यापासून या दुसऱ्या प्रकारात जेसीबी पहिल्या नंबरावर आहे.

मजल्याची नोंद अनेकांना अनावश्यक वाटते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरचं काहीही वाचलं नाही. नदीकाठच्या गावात कुठलं उपकरण किती उंचीवर आहे हे माहीत असलं, तर पाणी वाढताना काय आधी बंद करायचं आणि काय उचलायचं हे ठरवता येतं.

मग नावं. स्विचच्या पोर्टचं नाव 'गिगाबिट शून्य-एक-तीन' असंच ठेवलं, तर रात्री दोन वाजता त्यातून कोणालाही काही कळणार नाही. उपकरणातच त्या पोर्टचं वर्णन भरा: 'चिपळूणकडे, हातखंबामार्गे, महामार्गाकडेची केबल'. देखरेखीचं सॉफ्टवेअर हेच वर्णन उचलून ग्राफवर छापतं. या एका सवयीने पुढचं निम्मं काम हलकं होतं.

दुसरी पायरी: आकडे नीट गोळा करणं

बहुतेक राउटर आणि स्विच एसएनएमपी या पद्धतीने स्वतःची माहिती देतात. आपला सर्व्हर यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर विचारतो आणि उपकरण उत्तर देतं. काही बिघडलं तर उपकरण आपणहून १६२ क्रमांकावर कळवतं, त्याला ट्रॅप म्हणतात. ट्रॅपवर विसंबू नका. ज्या लिंकवरून निरोप यायचा तीच तुटली तर निरोप येतच नाही.

पोर्टवरून किती डेटा गेला हे विचारलं, की उपकरण विजेच्या मीटरसारखी एकूण बेरीज सांगतं, वेग सांगत नाही. दोन वेळच्या बेरजांतला फरक काढून मधल्या वेळाने भागलं की वेग मिळतो. इथे जुन्या काउंटरचा एक खड्डा आहे. ३२ बिटांचा काउंटर साधारण ४२९ कोटी बाइटला भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १०० एमबीपीएसने भरून वाहणाऱ्या लिंकवर याला ५ मिनिटं ४३ सेकंद लागतात, १ जीबीपीएसवर फक्त ३४ सेकंद. तुम्ही पाच मिनिटांनी विचारत असाल, तर मधल्या वेळात काउंटर आठ-नऊ वेळा फिरून आलेला असेल आणि ग्राफ साफ खोटं सांगेल. म्हणून ६४ बिटांचे काउंटरच वाचा. ते देण्यासाठी एसएनएमपीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती लागते. उपकरण साथ देत असेल तर तिसरीच घ्या, कारण आधीच्या आवृत्त्यांत पासवर्ड उघडा जातो. आणि तो 'पब्लिक' असाच सोडलेला असेल तर आज जेवायच्या आधी बदला.

सर्व उपकरणांची घड्याळं एनटीपीने जुळवून घ्या. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असेल तर ग्राफ साडेपाच तास मागे दिसतो: रात्री आठची गर्दी दुपारी अडीचला झाल्यासारखी वाटते. वेळ चुकली की वीज कधी गेली आणि लिंक कधी पडली यांचा मेळ लागत नाही, आणि आपलं सगळं निदान त्याच मेळावर उभं असतं.

सॉफ्टवेअर निवडण्यात महिना घालवू नका. एक साधा लिनक्स सर्व्हर घ्या. उपकरणं शोधून आपोआप ग्राफ काढायला लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स, पिंगसाठी स्मोकपिंग, आणि पुढे स्वतःचे पडदे मांडायचे झाले की ग्राफाना. सगळी फुकट मिळतात, सगळी मुक्त आहेत. सर्व्हर मात्र ज्या इमारतीवर नजर ठेवायची त्याच इमारतीत ठेवू नका, आणि त्याला मोबाइल नेटवर्कचा एक वेगळा रस्ता द्या. मुख्य लिंक पडल्यावर तुम्हाला एसएमएस तिथूनच येणार आहे.

तिसरी पायरी: रेषेचे आकार ओळखा

या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई नको. पहिले पंधरा दिवस काहीही बिघडलेलं नसताना ग्राफ बघत राहा. घरगुती ग्राहकांचा ग्राफ संध्याकाळी चढतो, रात्री आठ ते अकराच्या मध्ये सर्वांत उंच असतो आणि पहाटे झोपतो. बँकेचा ग्राफ दहाला उठतो आणि पाचनंतर बसतो. ही रोजची चाल डोळ्यांत बसली की बिघाड सांगावा लागत नाही.

माथा अचानक सपाट झाला, म्हणजे डोंगराच्या टोकाऐवजी पठार दिसलं, तर लिंक भरली आहे. लोकांना अजून हवं आहे पण वाट नाही. इथे माणूस पाठवून उपयोग नाही, क्षमता वाढवावी लागेल.

रेषा शून्यावर आली आणि रेषा तुटली, यांत मोठा फरक आहे. शून्य म्हणजे उपकरण उत्तर देतंय, पण त्या पोर्टवरून काही जात नाही. तुटलेली रेषा म्हणजे उपकरणाने उत्तरच दिलेलं नाही. काही सॉफ्टवेअर ही मोकळी जागा सरळ रेषेने जोडून टाकतात. ती सेटिंग शोधून बंद करा. भोक हे भोकच दिसलं पाहिजे.

१ जीबीपीएसच्या पोर्टवर १० जीबीपीएसचा सुळका दिसला तर घाबरू नका. बहुतेक वेळा उपकरण बंद होऊन पुन्हा सुरू झालेलं असतं आणि काउंटर शून्यावर गेल्याने हिशोब चुकलेला असतो. मात्र ते बंद का झालं हे शोधा. एकाच गावात असे सुळके वारंवार दिसत असतील तर तिथली बॅटरी संपत आली आहे.

पिंगचा ग्राफ वेगळ्या भाषेत बोलतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. तुमच्या केंद्रापासून मुंबईपर्यंतचा पिंग रोज ९ मिलिसेकंद असतो आणि एका क्षणी तो १२ वर जाऊन तिथेच सरळ चालू राहतो, तर लिंक मंद झालेली नाही, वाट बदलली आहे. किनाऱ्याची केबल कुठेतरी तुटली आणि रहदारी घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडून जायला लागली, असं काहीसं झालेलं असतं. ग्राहकाला कदाचित काही जाणवणारही नाही. तुमच्यासाठी मात्र ही गंभीर खबर आहे, कारण आता दुसरी वाट उरलेली नाही. पिंगमध्ये अशी पायरी दिसली की लगेच माणूस हलवा.

पिंग पायरीसारखा न वाढता विस्कटत असेल, तर कुठेतरी रांग लागते आहे. हे दाखवायला स्मोकपिंग फार चांगलं आहे. ते नेहमीच्या मांडणीत दर पाच मिनिटांनी २० पिंग पाठवतं, मधलं मूल्य रेषेने दाखवतं आणि बाकीच्यांचा पसारा करड्या धुराने. रेषा जागेवर असून धूर वर चढत असेल, तर बहुतेकांचं काम चालू आहे, पण थोड्या जणांचा व्हिडिओ कॉल अडखळतो आहे. सरासरी काढली असती तर हे दिसलंच नसतं.

सरासरीबद्दल एवढं लक्षात असू द्या. फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले. चारींची सरासरी, पसारा आणि परस्परसंबंध जवळपास एकसारखे, पण कागदावर ठिपके काढले तर चार पूर्ण वेगळी चित्रं. नेटवर्कच्या ग्राफमध्ये ही फसगत जुन्या नोंदींत लपते. टोबियास ओटिकर यांचं १९९५ चं एमआरटीजी आणि त्यामागून १९९९ मध्ये आलेलं आरआरडीटूल यांनी जागा वाचवण्यासाठी एक युक्ती रूढ केली: जसजशी नोंद जुनी होते तसतशी तिची सरासरी करून ठेवायची. एमआरटीजीच्या दिवसाच्या ग्राफवरचा ठिपका पाच मिनिटांची सरासरी असतो, आठवड्याच्या ग्राफवरचा अर्ध्या तासाची, वर्षाच्या ग्राफवरचा पूर्ण दिवसाची. म्हणून रोज रात्री भरून जाणारी लिंक वर्षाच्या ग्राफवर निवांत दिसते, आणि वरिष्ठ म्हणतात, "इथे तर चाळीसच टक्के वापर आहे." सरासरीसोबत कमाल मूल्यही साठवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करा, कारण एकदा सरासरीत विरलेला आकडा परत मिळत नाही.

चौथी पायरी: नकाशे दोन लागतात

भिंतीवर लावायला जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर हिरवे-लाल ठिपके हे सगळ्यांना आवडतं. तो ठेवा, पण एकटा ठेवू नका. दाभोळ आणि धोपावे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, फेरीबोटीने थोड्या मिनिटांत पलीकडे जाता येतं. नकाशावर ते शेजारी दिसतात. पण दाभोळची केबल दापोली-खेडकडून येते आणि धोपाव्याची चिपळूण-गुहागरकडून. दोन्ही ठिपके एकदम लाल झाले तर नकाशा पाहणाऱ्याला वाटेल की खाडीपाशी काहीतरी घडलं. खरा बिघाड तिथून कितीतरी लांब, महामार्गावर, जिथे दोन्ही वाटा एक होतात तिथे असेल.

म्हणून दुसरा नकाशा जोडणीचा हवा: कोण कोणाच्या पोटात आहे हे सांगणारा. मुख्य केंद्र वर, त्याखाली तालुक्याची केंद्रं, त्याखाली गावं. सगळी उपकरणं एकाच चित्रात रेषांनी जोडायचा मोह टाळा. शंभर-दोनशे ठिपके झाले की नुसता गुंता दिसतो. वरच्या चित्रात फक्त तालुक्याची केंद्रं ठेवा, त्यावर टिचकी मारली की त्या तालुक्याचं चित्र उघडू द्या. बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये हाच क्रम सांगितला होता: आधी सगळ्याचा आढावा, मग जवळ जाणं आणि नको ते गाळणं, तपशील मागितल्यावरच. मधल्या लिंकची रेषा जाडी आणि रंगाने किती भरली आहे हे दाखवणाऱ्या चित्राला वेदरमॅप म्हणतात. मोठ्या लिंकसाठी ते उत्तम, गावपातळीवर त्याची गरज नाही.

तिसरा नकाशा माणसाच्या प्रवासाचा असतो, तो सध्या तुमच्या डोक्यातच राहू द्या.

पाचवी पायरी: वीज गेली की केबल तुटली

पावसाळ्यातल्या निम्म्याहून जास्त धावपळीचं मूळ या एका प्रश्नात असतं, आणि त्याचं उत्तर माणूस न पाठवता मिळू शकतं.

ग्राहकाच्या घरी फायबर येतं तिथे ओएनटी नावाची डबी असते आणि तुमच्या केंद्रात ओएलटी. वीज जाताना चांगल्या ओएनटीत थोडी वीज साठून राहिलेली असते, आणि त्या जोरावर ती एक शेवटचा निरोप पाठवते: माझी वीज गेली. तंत्रज्ञ याला डाइंग गॅस्प म्हणतात. केबल तुटली तर असा निरोप येत नाही, नुसता प्रकाश नाहीसा होतो. आता या दोन घटना वेगवेगळ्या रंगांत मिनिटामिनिटाला मोजून उभ्या काठ्यांनी दाखवा. एका वाडीतल्या चाळीस डब्यांपैकी तीस जणांनी एकाच मिनिटात शेवटचा निरोप पाठवला, तर वीज कार्यालयाला फोन करा आणि माणसाला बसू द्या. चाळीसच्या चाळीस निरोपाविना गप्प झाल्या, तर केबल तुटली. स्प्लायसिंगवाल्याला, म्हणजे फायबर जोडणाऱ्याला, गाडीत बसवा. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे ती वीज गेल्यावरही चालू राहतात, म्हणून तीसच का, चाळीस का नाही, असं विचारू नका. सगळ्या डब्यांमध्ये ही सोय नसते हेही यादीत लिहून ठेवा.

दुसरी मोजणी प्रकाशाची. ओएनटीला किती प्रकाश पोचतो ते डीबीएम या मापात मिळतं. आकडा उणे असतो. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये (घरोघरी फायबर नेण्याची ही पद्धत) ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश चालतो. तीन डेसिबल कमी होणं म्हणजे प्रकाश निम्मा होणं. उणे २४ वर व्यवस्थित चालणारं घर उणे २७ वर गेलं तर ग्राहक अजून तक्रार करत नसेल, पण पुढच्या पावसात करेल.

इथे एकेका घराचा ग्राफ पाहू नका. एका स्प्लिटरखालची (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा तुकडा म्हणजे स्प्लिटर) सगळी घरं एका चौकटीत, एकाच मापाच्या छोट्या छोट्या ग्राफांत शेजारी मांडा. एकाच घराची रेषा खाली उतरत असेल तर त्याच्या दारापर्यंतची केबल किंवा जोडणीचं टोक खराब. आपल्या खाऱ्या दमट हवेत ती टोकं लवकर मळतात, आणि बऱ्याचदा नुसतं पुसून काम होतं. सगळ्यांच्या रेषा एकदम तितक्याच उतरल्या तर बिघाड स्प्लिटरच्या वर आहे: जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरलं असेल, केबल कुठे दबली असेल. निम्म्यांच्याच उतरल्या असतील तर मधला दुसरा स्प्लिटर शोधा. केबलवर नेमकं किती अंतरावर तुटलं हे ओटीडीआर हा मापक सांगतो, पण तो घेऊन कोणत्या टोकाला जायचं हे ही चौकट सांगते.

सहावी पायरी: तास आणि दिवस यांची चौकट

काही बिघाड रोज येतात आणि तपासायला गेलं की गायब असतात. त्यांच्यासाठी रेषेचा ग्राफ पुरत नाही. एक चौकट आखा: आडवे चोवीस तास, उभे दिवस, वरून खाली. प्रत्येक घरात त्या तासाला किती पॅकेट हरवले ते रंगाच्या गडदपणाने दाखवा. याला हीटमॅप म्हणतात आणि ग्राफानात तो तयार मिळतो.

गडद पट्टा उभा उतरत असेल तर बिघाड घड्याळाला बांधलेला आहे: रात्रीचा बॅकअप, ठरलेल्या वेळचा वीजकपात, रोज त्याच वेळी सुरू होणारा शेजारचा पंप. आडवा असेल तर तो त्या एका दिवसाचा आहे, वादळ किंवा जोरदार पाऊस. आणि तिरका असेल तर खाडीकडे बघा.

खाडीच्या दोन काठांवर टॉवर लावून रेडिओ लिंक टाकलेली असते. लहरी सरळही जातात आणि पाण्यावरून परावर्तित होऊनही पोचतात. पाणी चढलं-उतरलं की परावर्तित लहरीच्या वाटेची लांबी बदलते, आणि काही पातळ्यांवर दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. पाच गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम सहा सेंटीमीटर, आणि पाणी मीटर-दोन मीटरने हलतं, म्हणून हा खेळ एका भरतीत अनेकदा होऊ शकतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यामुळे चौकटीतला पट्टा रोज थोडा उजवीकडे सरकतो आणि साधारण पंधरवड्याने पुन्हा जागेवर येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमाराला पाठ असलेला हिशोब आहे. तो पट्ट्याशेजारी मांडून पाहा. जुळला, तर राउटर बदलून किंवा फर्मवेअर चढवून काही होणार नाही. अँटेनाची उंची बदलावी लागेल, किंवा वेगळ्या उंचीवर दुसरी अँटेना लावावी लागेल. हे चित्र पहिल्यांदा पडद्यावर उमटताना पाहिलं, की या कामाची गोडी सुटत नाही.

पावसाचं रेडिओवर होणारं नुकसान वेगळं. दहा गिगाहर्ट्झच्या वर ते चांगलंच जाणवतं, पाचवर फारसं नाही. पाचच्या लिंकसाठी पावसाला दोष देण्याआधी वायरच्या टोकात पाणी गेलंय का ते पाहा.

सातवी पायरी: कोण किती वापरतो

लिंक भरली हे कळलं, पण कशाने? त्यासाठी नेटफ्लो, एसफ्लो किंवा आयपीफिक्स. राउटर कोणत्या पत्त्याकडून कुठे किती गेलं याचा गोषवारा पाठवतो. वरचे दहा प्रवाह थराथराने रंगवून दाखवा, बाकी सगळे 'इतर' मध्ये टाका. राउटर हजारातून एखादंच पॅकेट नमुन्याला घेत असेल तर लहान प्रवाह दिसणार नाहीत, हे ध्यानात ठेवा. एवढं सुरुवातीला पुरे.

आठवी पायरी: पडदा मांडणं

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये माणसं चित्रातून आकडे किती अचूक वाचतात याचे प्रयोग मांडले. एकाच मापपट्टीवरची जागा आपण सर्वांत अचूक वाचतो, मग लांबी, मग कोन, आणि क्षेत्रफळ व रंगाची छटा त्याहून कमी. म्हणून गोल काट्याची मीटरं आणि पाय चार्ट काढून टाका, कितीही रुबाबदार दिसले तरी. साध्या रेषा आणि काठ्या ठेवा. एकमेकांशी तुलना करायच्या ग्राफांची मापपट्टी एकच ठेवा, नाहीतर दोन एमबीचा चढ आणि दोनशे एमबीचा चढ सारखेच दिसतात.

लाल आणि हिरवा या जोडीवर सगळा भार टाकू नका. बऱ्याच पुरुषांना या दोन रंगांत नीट फरक करता येत नाही, आणि तुमच्या पाळीत असा एक तरी निघेल. निळा आणि नारिंगी घ्या, किंवा रंगासोबत आकार बदला. भिंतीवरच्या पडद्यावर मोजके ग्राफ असू द्या. बाकीचे टिचकीमागे.

एक ग्राफ मात्र सगळीकडे राहून जातो: तक्रारींचा. कुडाळहून कोणी सांगतं, "आमचा नेट चलणा नाय," तर तीही एक मोजणीच आहे. तालुकावार, तासावार फोनची संख्या काठ्यांनी मांडा आणि पिंगच्या ग्राफखाली, त्याच वेळेच्या पट्टीवर ठेवा. फोन वाढले आणि तुमचे ग्राफ शांत असतील, तर तुम्ही चुकीची जागा मोजता आहात.

जे काही घडलं ते ग्राफवरच टाचून ठेवा: '१४:२० हातखंब्याजवळ खोदाईत केबल तुटली, १७:०५ जोडली'. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अशी टीप टाकता येते. वेगळ्या रजिस्टरातली नोंद पुढच्या वर्षी कोणी उघडत नाही.

नववी पायरी: इशारे

चित्र नीट झाल्याशिवाय इशारे लावू नका. लावताना प्रत्येक उपकरणाचा वरचा बाप कोण ते सॉफ्टवेअरला सांगा. नाहीतर चिपळूणचं केंद्र पडलं की त्याखालच्या प्रत्येक गावाचा वेगळा एसएमएस येतो आणि खरा निरोप त्या ढिगात हरवतो. एकदा उत्तर आलं नाही म्हणून ओरडू नका, सलग तीनदा आलं नाही तर ओरडा. लिंक पंधरा मिनिटं ऐंशी टक्क्यांवर राहिली तरच कळवा. प्रकाशासाठी सगळ्यांना एकच मर्यादा नको. प्रत्येक घराच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा तीन डेसिबल उतरले की इशारा द्या.

'नेहमीचं' काय हे ठरवताना आजच्या सोमवारची तुलना मागच्या सोमवारशी करा, कालच्या रविवारशी नको. आणि गणपतीत ही तुलनाही मोडते. चाकरमानी गावी आले की वाडीवस्तीतल्या लिंकवर एरवी कधी न दिसणारी गर्दी होते, तीही दुपारपासूनच. मागच्या वर्षीचा ग्राफ खाली ठेवायचा तर तारखेने ठेवू नका. चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन्ही ग्राफ चतुर्थीला शून्य दिवस धरून जुळवा: चतुर्थीच्या आठ दिवस आधी, पाच दिवस आधी, गौरीविसर्जनानंतर. मग कोणत्या गावाला या वर्षी जास्त क्षमता द्यायची हे आधीच दिसतं. शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीलाही हेच, पण गणपतीएवढं काही नाही.

मे महिन्याच्या शेवटी

पावसाळ्याआधीची तयारी ग्राफवरूनच करा. सर्व स्प्लिटरांखालची प्रकाशाची पातळी कोरड्या दिवसांत नोंदवून ठेवा. जूनमध्ये उतरणारी रेषा कशापासून उतरली हे त्यावरूनच कळेल. मागच्या पावसाळ्यात टाचलेल्या टिपा जिल्ह्याच्या नकाशावर मांडा. ठिपक्यांची गर्दी जिथे आहे तिथले जॉइंट बॉक्स पाऊस लागण्याआधी उघडून पाहा.

आणि बॅटऱ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी कुठलं केंद्र किती तास उभं राहील हे कागदावरच्या क्षमतेवरून ठरत नाही. दुपारच्या कमी वापराच्या वेळी, गावातल्या माणसाला सांगून, एकेका केंद्राची मुख्य वीज बंद करा आणि बॅटरीच्या व्होल्टेजची रेषा पडद्यावर पाहत बसा. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी नीट असेल तर भार पडल्यावर रेषा थोडी बसते आणि मग सावकाश उतरते. म्हातारी बॅटरी सुरुवातीला तशीच दिसते आणि एका ठिकाणाहून कड्यावरून पडल्यासारखी साडेदहा व्होल्टकडे कोसळते. कोसळण्याआधीच वीज परत जोडा, किती मिनिटं टिकली ते त्या केंद्राच्या नावापुढे लिहा, आणि ज्यांची मिनिटं सर्वांत कमी भरली त्यांच्या बॅटऱ्या आधी मागवा. मृगाच्या आत बसवून झाल्या पाहिजेत.